हर्षाली कनेक्टेड

४ जानेवारी, रविवार

चंदरअण्णांनी आज सगळ्यांना त्यांच्या ट्रॅक्टर शोरूमच्या डायऱ्या वाटल्या. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात छोटा ट्रॅक्टर. रोजनिशी सुरू. ही फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढायचं.

मंडळाची मीटिंग झाली. अण्णा अध्यक्ष. समाजाचा वधू-वर परिचय मेळावा यंदा ऑनलाइन. मागच्या वर्षी लॉन्सवर घेतला तेव्हा पुणे-बेंगळुरूची मुलं आलीच नाहीत. जी आली ती माइक हातात आल्यावर स्वतःचं नाव विसरली. अण्णांनी विचारलं, हे कंप्युटरचं कोण बघंल? कोणी हात वर करेना. मी केला. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात आईच्या.

मी नाशिकला अंबडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कार्डावर ‘सपोर्ट’ लिहिलंय, पण वृत्तीने आर्किटेक्ट. आजवर कोणी काही उभं करायला दिलं नाही, म्हणून दिसून आलं नाही, इतकंच.

खासगी: मीही या मेळाव्यातला उमेदवार. सार्थक, वय लिहीत नाही. आणि मुलगी मी ठरवलेली आहे. हर्षाली. वणीची. जनावरांची डॉक्टर, सरकारी. मागच्या मेळाव्यात ती माइक घेऊन म्हणाली, माझी बदलीची नोकरी आहे, नवऱ्याला स्वयंपाक आला पाहिजे. आणि बसली. मी तेव्हाच ठरवलं. वर्षभर फोन केला नाही, कारण योग्य माध्यम नव्हतं. आता माध्यम मीच बनवतोय.

संकल्प: उद्यापासून स्वयंपाक. पहाटे उठून गोदापार्कला धावणं. मिसळ फक्त रविवारी.

६ जानेवारी, मंगळवार

धावलो नाही. थंडी. निफाडकडे म्हणे पानांवरचं दव गोठलं.

व्हिडिओची सोय एका परदेशी सेवेकडून भाड्याने घेतली. मुलं-मुली तिथे कनेक्ट होणार. पण कोण आलं, कोण गेलं हे माझ्या सर्व्हरला कसं कळणार? तर वेबहुक. संध्याकाळी आईला समजावलं. ती भाकरी थापत होती. म्हटलं, समज, कार्यालयाच्या दारात आपण एक माणूस उभा केलाय. कोणी आलं की तो धावत येऊन सांगतो, अमकी आली. उठून गेली की सांगतो, अमकी गेली. आपण फक्त ‘मिळालं’ म्हणायचं. नाही म्हटलं तर त्याला वाटतं ऐकलंच नाही. मग तो परत येऊन तेच सांगतो.

आईने विचारलं, वणीची आली की मलाही सांगेल का तो? म्हटलं, रिअल टाइम. ती म्हणाली, मग मी साडी नेसूनच बसते.

मी इतकं सोपं समजावू शकतो. कंपनीत कोणी समजावायला सांगत नाही.

पोहे केले. गोळा झाला. दुकानदाराने पातळ पोहे दिलेत.

१० जानेवारी, शनिवार

आरोहीने डोकं खाल्लं. धाकटी बहीण. पुण्याच्या कंपनीत टेस्टर, बसते मात्र घरी, पलीकडच्या खोलीत. दुसऱ्यांच्या कामात चुका काढण्याचा पगार घेते, स्वभावही तसाच झालाय.

म्हणाली, दादा, एकच निरोप दोनदा आला तर? ‘गेली’ आधी आणि ‘आली’ नंतर असं उलटसुलट आलं तर? त्या सेवेने स्पष्ट लिहिलंय, असं होतं म्हणून. मी म्हटलं, माहिती लिहिणारे लोक घाबरट असतात. ती म्हणाली, तू वाचलंस का ते पान?

वाचलेलं नाही. मुद्दाम. वाचलं की स्वतःची कल्पना मरते.

१३ जानेवारी, मंगळवार

डिझाइन पूर्ण. सुंदर झालंय. ‘अमकी आली’ असा निरोप आला की माझा सर्व्हर तिची पत्रिका सगळ्या मुलांशी जुळवणार. मग तिच्या घरच्या सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर शुद्ध मराठीत स्वागत पाठवणार. मग कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर तिच्या नावापुढे दिवा लावणार, हजेरीचा आकडा वाढवणार, आणि मोकळा असलेला पहिला मुलगा शोधून दोघांना एका खोलीत बसवणार. व्हिडिओची खोली, अर्थात. हे सगळं झाल्यावरच ‘मिळालं’ म्हणणार.

आरोही म्हणाली, आधी ‘मिळालं’ म्हण आणि पत्रिका नंतर निवांत जुळव, नाहीतर उशीर होईल आणि तो परत येईल. मला हे पटत नाही. काम व्हायच्या आधी झालं म्हणणं म्हणजे खोटेपणा. आमच्या घराण्यात ते नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. हर्षालीला तिळगुळाचा मेसेज लिहिला. दुपारभर सुधारला. पाठवला नाही. घाईत केलेली गोष्ट टिकत नाही.

१८ जानेवारी, रविवार

टेस्टिंगला माणूस पाहिजे होता. सोमनाथला धरला. शाळेतला मित्र, सायखेड्याला गोदावरीच्या काठी त्याचा म्हशींचा गोठा. दूध नाशिकला येतं. पोरगा चांगला आहे, पण मुलीकडचे येतात, गोठा बघतात, चहा अर्धा टाकून जातात. दोनदा-तीनदा असं झाल्यावर त्याने नाव नोंदवणंच सोडलं. या वेळीही मी विचारलं तर म्हणाला, नको रे, आई उगाच आशेवर बसती.

म्हटलं, मेळाव्यासाठी नको, टेस्टिंगसाठी ये. त्याचं खातं काढलं. नाव: टेस्ट मुलगा. काम सोपं. मी सांगेन तेव्हा कनेक्ट व्हायचं, सांगेन तेव्हा बाहेर पडायचं. कॅमेरा चालू राहिला पाहिजे. त्याने फोन गोठ्याच्या मेढीला, म्हणजे खांबाला, बांधून ठेवला. पडद्यावर म्हशी दिसतात, सोमनाथचा नुसता आवाज येतो. चालतंय.

टेस्ट मुलगा आला, दिवा लागला. गेला, दिवा विझला. एकदाही चुकलं नाही. आरोही म्हणाली, एका माणसावर काय कळणार? म्हटलं, जे एकावर चालतं ते सगळ्यांवर चालतं.

रविवार, म्हणून मिसळ. काल खाल्ली ती धरायची नाही, शनिवारी मित्र आले होते.

२२ जानेवारी, गुरुवार

एक छोटी खास सोय केली. हर्षाली कनेक्ट झाली की माझ्या फोनवर सनई वाजेल आणि तिला पहिल्या खोलीत माझ्यासमोर बसवलं जाईल. आरोहीने स्क्रीनवर बघितलं. मंडळाला सांगितलंस का, म्हणाली. म्हटलं, हा तांत्रिक विषय आहे, याला प्रायॉरिटी म्हणतात. ती म्हणाली, याला दुसरं नाव आहे. कोणतं ते मी विचारलं नाही.

पिठलं केलं. आई म्हणाली, गाठी काढून खाल्लं तर बरं आहे.

२९ जानेवारी, गुरुवार

अण्णांच्या शोरूममध्ये रंगीत तालीम. अण्णा आणि काकू आपापल्या फोनवरून कनेक्ट झाले. दिवे लागले. काकूंना स्वागताचा मेसेज दोनदा गेला. पहिला स्वागताचा, दुसरा खात्रीचा, असं मी सांगितलं. अण्णा खूश. म्हणाले, “लय भारी. दोनदा या म्हणनं म्हंजी मान हे.”

दोनदा का गेला ते बघायचं आहे. मेळावा झाल्यावर बघू.

७ फेब्रुवारी, शनिवार

सगळं तयार. निळा शर्ट इस्त्रीला दिला. हर्षालीसमोर बोलायचं भाषण पाठ. सुरुवात घराण्यापासून, मध्ये वेबहुक, शेवट स्वयंपाक. आरोहीने पुन्हा विचारलं, ‘मिळालं’चं काही केलंस का? म्हटलं, आज नकारात्मक बोलू नकोस. ती म्हणाली, बरं, मी उद्या घरीच आहे, काही लागलं तर फोन कर.

लागणार नाही.

८ फेब्रुवारी, रविवार. सकाळ

गंगापूर रोडचं कार्यालय. मोठा पडदा, खुर्च्या, ज्येष्ठ मंडळी, मठ्ठा. मुलं-मुली आपापल्या घरून. माझा लॅपटॉप स्टेजच्या मागच्या खोलीत. सोमनाथलाही कनेक्ट होऊन बसायला सांगितलंय, राखीव म्हणून.

सुरुवातीच्या काही मिनिटांत दिवे छान लागले. एका आजीबाईंनी पडद्याला नमस्कार केला.

थोड्या वेळाने

लोक एकदम आले. सगळ्या पत्रिका एकदम जुळवताना सर्व्हर जरा विचारात पडलाय. हजेरीचा आकडा भराभर वाढतोय. अण्णांनी माइकवर जाहीर केलं. टाळ्या.

आकडा समाजाच्या एकूण लोकसंख्येच्या पुढे गेला. अण्णांनी तेही जाहीर केलं.

सटाण्याहून एका आजोबांचा फोन. “हाई काय शे भाऊ?” म्हणाले. स्वागताचे मेसेज थांबेनात, फोन तापून खिशात ठेवता येत नाही. मी म्हटलं, आजोबा, आपलं मनापासून स्वागत आहे. त्यांनी फोन ठेवला.

आणि सनई वाजली. हर्षाली कनेक्टेड.

दुपार

पहिल्या खोलीत गेलो. समोर चौकट, नाव हर्षाली, दिवा लागलेला, चित्र काळं. कॅमेरा बंद असावा. संकोच. मला आवडलं. नमस्कार केला आणि भाषण सुरू केलं. घराणं, वेबहुक, स्वयंपाक. मध्ये सनई परत वाजली, पुन्हा वाजली, वाजतच राहिली. मी ती बंद केली आणि बोलत राहिलो. पिठल्याचा प्रसंगही प्रामाणिकपणे सांगितला.

तिने एकदाही मध्ये तोडलं नाही. असं ऐकून घेणारी माणसं आता राहिली नाहीत.

शेवटी म्हटलं, तुम्हाला काही विचारायचं असेल तर? शांतता. मी समजलो. निरोप घेतला.

बाहेर आलो तर कार्यालयात गोंधळ. मुलींच्या समोरची मुलं भराभर बदलतायत. एका मुलीला तिचाच सख्खा भाऊ समोर आला. अण्णा घामाघूम. मी पडद्याची वायर काढली. जेवणाची घोषणा करायला सांगितलं. जेवण उत्तम होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

मंडळाला रिपोर्ट पाठवला. सिंहस्थासाठी सगळीकडे रस्ते खणलेत, केबलला धक्का बसला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. वाक्य चांगलं जमलं.

आरोहीने सर्व्हरची नोंद उघडली. म्हणाली, केबलचं काही नाही. तू ‘मिळालं’ म्हणायला उशीर केलास, म्हणून एकेका मुलीचा ‘आली, आली’ असा निरोप पुन्हा पुन्हा आला. दर वेळी तुझ्या सर्व्हरला वाटलं नवीनच मुलगी आली. त्याने परत मेसेज पाठवले, परत हजेरी लावली आणि तिला उचलून पुढच्या मोकळ्या मुलासमोर बसवलं.

म्हटलं, पण हर्षाली माझ्यासमोर होती. दिवा होता. ती म्हणाली, ती तुझ्या खोलीत क्षणभर होती. तिथून ‘गेली’ हा निरोप मागे अडकला होता, म्हणून दिवा राहिला.

टेस्टर लोक असंच बोलतात. मी समोर होतो, ही नव्हती.

११ फेब्रुवारी, बुधवार

दोन दिवस वणीहून काही नाही. नाही म्हणायचं असतं तर एव्हाना म्हणाले असते.

शेवटी आईने हर्षालीच्या वडिलांना फोन लावला. बारकूनाना. वणीला नारळ-प्रसादाचं दुकान आणि थोडी बाग. नाना म्हणाले, आमच्या पोरीला मेळाव्यात एक जण पसंत पडलाय. खूप वेळ बोलले दोघं. चेहरा काही नीट दिसला नाही म्हणती, पण बोलणं आवडलं. फक्त नाव घोटाळ्याचं होतं, पडद्यावर ‘टेस्ट मुलगा’ असं लिहून येत होतं.

आईने फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. मी शांतपणे विचार केला. खूप वेळ बोलला: मी. चेहरा दिसला नाही: माझा कॅमेरा जुना आहे. नाव घोटाळ्याचं: त्या दिवशी सगळ्याच नावांचा घोटाळा होता. म्हणजे मीच.

आईने देवापुढे साखर ठेवली.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. त्र्यंबकला जायचं होतं, गर्दीमुळे मनातूनच दर्शन घेतलं. उपास. साबुदाण्याची खिचडी स्वतः केली. उपास जास्त कडक झाला.

सोमनाथला चार वेळा फोन करावासा वाटला, बातमी सांगायला. पण त्याचं अजून काही जमत नाही, त्याच्यासमोर आपला आनंद नको. मी या बाबतीत हळवा आहे.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अण्णांचा फोन. बारकूनाना टेस्ट मुलाचा पत्ता मागतायत, कोण रे हा? मी माझा पत्ता दिला. अण्णांनी विचारलं, म्हणजे तू? मी म्हटलं, तसंच काहीसं.

आरोही दारात उभी होती. म्हणाली, दादा, टेस्ट मुलगा सोमनाथ आहे. तूच खातं काढलंस. मी म्हटलं, खातं मी काढलं, म्हणजे खातं कोणाचं? तिने कपाळाला हात लावला. आत निघून गेली. हे तिचं मान्य करणंच.

२२ फेब्रुवारी, रविवार

आज नीट लिहायचं. जमेल तेवढं.

वणीची मंडळी सकाळी आली. बारकूनाना, हर्षाली, तिची मावशी. पप्पांनी नवा टॉवेल खांद्यावर टाकून स्वागत केलं. निळा शर्ट. आईने पोहे स्वतः केले, मला हात लावू दिला नाही.

हर्षाली पाणी प्यायली, माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

“ते कुठे आहेत?” तिने विचारलं.

“कोण?” आई म्हणाली. “हा काय समोर बसलाय.”

“मेळाव्यात बोललेले.”

“मीच तो,” मी म्हटलं. “आवाज त्या दिवशी जरा बसला होता.”

तिने मला नीट निरखलं. मग म्हणाली, “चांदी कशी आहे आता?”

प्रश्न अनपेक्षित होता, पण व्यवहारी. मुलगी दागिन्यांचा विचार करतेय. मी म्हटलं, “वरच चाललीये. यंदा लग्नात जड जाणार सगळ्यांना.”

मावशीने पोह्याची बशी खाली ठेवली.

“चांदी म्हैस आहे,” हर्षाली म्हणाली. “कास सुजली होती तिची. मी औषध सांगितलं होतं. तुम्ही ते नाही.”

आरोही चहा घेऊन आली होती. ट्रे ठेवत म्हणाली, “तो सोमनाथ. सायखेड्याचा. दादाचा मित्र आहे.”

नानांनी मला विचारलं, “मग पत्ता तुमचा कसा दिला?”

मी म्हटलं, “ते खातं माझ्या नावावर आहे. तांत्रिकदृष्ट्या.”

“आम्ही खात्याला पोरगी दाखवायला नाय आलो,” नाना म्हणाले. चिडून नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक चुकीचं सामान मागतं, तसं.

आई माझ्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. पप्पा उठले आणि पंखा बंद करून आले. पंखा लावलेलाच नव्हता, थंडी आहे.

मग हर्षालीने विचारलं, सायखेड्याचा रस्ता दाखवाल का? आरोहीने सोमनाथला फोन लावून बघितला होता, लागत नव्हता.

मी त्यांच्याच गाडीत पुढे बसलो. रस्ता दाखवला. नाना वाटेत द्राक्षांविषयी बोलले. मी एकदा म्हटलं, गोठ्यात नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, म्हणून फोन लागत नसेल. नाना परत द्राक्षांकडे वळले. बरोबर होतं ते.

सोमनाथ कोपरापर्यंत शेणाने भरलेले हात घेऊन बाहेर आला. मला बघून हसला, मग गाडीतून उतरलेल्या मंडळींकडे बघितलं. हर्षाली म्हणाली, “मी हर्षाली. त्या दिवशी बोललो आपण.”

त्याने हात पाठीमागे लपवले. मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही खऱ्या हे?”

“म्हणजे?”

“मला वाटलं तुम्ही बी टेस्टिंगच्याच हे. यानं बसवलेल्या. म्हणून तर एवढं बोललो.”

काय बोलला होता ते मग तिथेच, उभ्या उभ्या कळलं. गोठा आवडतो, पण गोठ्यातला म्हणून लोक अर्धा चहा टाकून जातात ते आवडत नाही. आई दर वेळी नवी चादर घालती आणि मग ती घडी घालून ठेवती, ते बघवत नाही. पाहुण्यांसमोर हे कोणी बोलतं का? समोर कोणी खरं नाही, असं वाटलं म्हणून बोलला. आणि मध्येच, समोरची बाई जनावरांची डॉक्टर म्हणती तर विचारून बघू, म्हणून चांदीची कासही दाखवली. ती म्हणाली, मी अख्ख्या मेळाव्यात एवढ्याच माणसाशी नीट बोलले. बाकीचे येत होते आणि जात होते, शेवटी सगळं अडकलं तेव्हा समोर हे होते, ते राहिलेच.

मग ती सरळ गोठ्यात गेली. चांदीजवळ बसली, हात लावून बघितलं, म्हणाली, उतरलीये सूज. नाना आणि मावशी गोठ्याच्या कडेने आत गेले. मी बाहेर थांबलो. वासामुळे नाही.

सोमनाथच्या आईने चहा दिला. नानांनी पूर्ण प्यायला. मावशीने दुसरा मागितला. त्या माउलीला आत जाऊन नवी चादर काढू का नको, ते कळेना.

सोमनाथने मला बाजूला घेतलं, विहिरीकडे. हात धुतले होते, पण पुसले नव्हते. म्हणाला, “सार्थक, ते आधी तुझ्याकडं गेलते ना? खरं सांग. तुझं काही असंल तर मी आत्ताच नाय म्हणतो. मला सवय हे.”

त्याने खरंच नाही म्हटलं असतं. त्याला मी पहिलीपासून ओळखतो.

मी म्हटलं, “माझं काय असणार? मी फक्त टेक्निकल बघतो. पत्ता अण्णांनी चुकीचा दिला.”

त्याने माझ्या शर्टाकडे बघितलं. मग म्हणाला, “बरं.” आणि ओल्या हाताने माझा दंड धरला. निळा शर्ट.

परत एसटीने आलो. त्यांची गाडी इतक्यात निघणार नव्हती.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

आई दोन दिवस कमी बोलते. आज रागावून नाही, हळूच म्हणाली, मी साखर ठेवली होती देवापुढे. म्हटलं, वाया गेली नाही, सोमनाथला लागू पडली. ती म्हणाली, मुंग्यांना लागू पडली.

आरोहीने वेबहुक दुरुस्त केला. आधी ‘मिळालं’, काम मागून. आणि एकच निरोप दुसऱ्यांदा आला तर सोडून द्यायचा. तासाभरात. मी हे करणारच होतो.

२२ मार्च, रविवार

सोमनाथ आणि हर्षालीचा साखरपुडा, सायखेड्याला. लग्न अधिक महिना लागायच्या आत उरकायचंय.

चंदरअण्णांनी भाषण केलं. म्हणाले, मेळाव्यात एवढी मोठमोठी स्थळं बसवली, जमलं एकच, आणि तेही टेस्टिंगचं. तेव्हा पुढच्या साली सगळ्यांना टेस्टच म्हणून बसवायचं, पोरं मोकळी बोलत्यात. लोक हसले, पण अण्णा गंभीर होते. कंप्युटरचं काम आरोहीकडे दिलं. तिने मान हलवून हो म्हटलं. अण्णांनी माझंही नाव घेतलं. पार्किंग.

पंगतीत सोमनाथने मला शेजारी बसवलं. हर्षाली वाढायला आली होती, सगळे नको म्हणत असताना. जिलेबी वाढताना तिने विचारलं, “तुम्हीही होता ना मेळाव्यात? तुमचं कुणाशी बोलणं झालं?”

मी म्हटलं, “नाही. मला कामच खूप होतं.”

ती म्हणाली, “पुढच्या वर्षी बसा निवांत.” आणि पुढच्या पानाकडे गेली.

गाडीत आरोही म्हणाली, तुझा मंडळाच्या यादीतला फोटो फार जुना आहे, त्यात तू वेगळाच दिसतोस. उद्या सकाळी उजेड चांगला असतो, गच्चीवर काढू.

म्हटलं, काढ. हसायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही.